छातींतील लहानशी छाया

कर्जत व खालापूर हे पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याचे बोरघाटाखालचे तालुके. १८५६ सालीं आगगाडी खोपोलीपर्यंत पोंचली आणि येथील लोकांस मुंबई जवळ झाली. छातीचें दुखणें उलगडेनासें झालें, म्हणजे रोग्याची वाट बहुधा याच लोहमार्गानें परळाकडे वळते. तेथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. पिशवींत फुप्फुसाचें चित्र, चित्रावर एक बारीक ठिपका, आणि घरच्यांच्या मनांत एकच प्रश्न: हा कर्करोग तर नव्हे?

८ नोव्हेंबर १८९५ रोजीं राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञास क्ष-किरण आढळले. परंतु त्यांच्या चित्रांत बरगड्या, हृदय व फुप्फुस एकावर एक पडतात, आणि लहान गांठ त्यांच्या आड लपते. १९७१ सालीं इंग्लंडांत हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें रोग्याच्या मेंदूचें चित्र प्रथम घेतलें. पुढें तीच युक्ति छातीस लागू झाली. पावाचे काप करावे तसे शरीराचे पातळ छेद दिसूं लागले, आणि चार-पांच मिलिमीटरांची गांठहि नजरेंत आली.

मात्र दिसणें निराळें आणि ओळखणें निराळें. बरा झालेला क्षयरोगहि फुप्फुसांत अशीच गांठ मागें ठेवतो. गांठींत चुना सर्वत्र सारखा भरला असेल तर ती बहुधा निरुपद्रवी. कडा कांटेरी असेल तर संशय वाढतो. अशा वेळीं कांहीं महिन्यांनीं पुन्हां चित्र काढून वाढ मोजतात. ८ मिलिमीटरांची गांठ १० मिलिमीटरांची झाली, तर फरक क्षुल्लक वाटतो. पण तिचें घनफळ जवळजवळ दुप्पट झालेलें असतें. पेशी किती साखर ओढून घेतात हें दाखविणारें 'पेट' यंत्र २००२ सालीं परळासच देशांत प्रथम आलें. परंतु धुमसता क्षयहि साखर ओढतो. म्हणून अखेरचा निवाडा बहुधा सुईनें काढलेल्या तुकड्याचाच.

२०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील पाहणींत ५३ हजारांहून अधिक धूम्रपानी लोक होते. साध्या क्ष-किरण चित्रापेक्षां छेदचित्रांनीं फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यु शेंकडा २० नीं घटले. पण संशयास्पद ठरलेल्या दर शंभर चित्रांपैकीं सुमारें शहाण्णवांत कर्करोग नव्हता.

तेव्हां दोन चुका टाळावयाच्या: ठिपका दिसतांच आशा सोडणें, आणि 'जुना क्षय असेल' म्हणून दुसरें चित्र टाळणें. ट्रंकेंत जपलेलें जुनें चित्र हा येथें मोठा साक्षीदार. घट्ट गांठ दोन वर्षें तशीच राहिली असेल, तर वैद्य सहसा निश्चिंत होतात.