कणा, धाव आणि दोर : पतंगाने ओढलेल्या गाडीचा इतिहास, खान्देशातून वाचलेला

१/
१८२० च्या दशकातील इंग्लंड. ब्रिस्टॉलच्या रस्त्यावरून एक गाडी वेगाने येते आहे. तिला घोडा जुंपलेला नाही. गाडीपुढे सुमारे पाचशे मीटर लांब दोर आकाशात गेला आहे आणि त्याच्या टोकाशी एकामागे एक असे दोन मोठे पतंग आहेत. टोलनाक्यावरचा कारकून गोंधळतो, कारण टोल आकारायचा तो घोड्यांच्या संख्येवर आणि इथे घोडे शून्य. गाडी टोल न भरताच पुढे जाते. आजचा धागा या गाडीविषयी, आणि ती आपल्या जळगाव-धुळ्याच्या जमिनीवर चालवायची तर चाक कोणते आणि पतंग कोणता, याविषयी.

२/
गाडीचा कर्ता जॉर्ज पोकॉक हा ब्रिस्टॉलमधील शाळामास्तर. १८२६ मध्ये त्याने जेम्स व्हायनी यांच्यासह या गाडीचे पेटंट घेतले आणि तिला ‘शारव्होलां’ असे फ्रेंच वळणाचे नाव दिले. १८२७ मध्ये त्याने या विद्येवर पुस्तक लिहिले. ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने काही माणसांना घेऊन ती धावे. त्याआधी याच गृहस्थाने आपली मुलगी मार्था हिला खुर्चीत बसवून पतंगाने आकाशात उचलले होते. क्रिकेटवेड्यांसाठी एक नोंद : हीच मार्था पुढे डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आई झाली.

३/
आता खान्देशाकडे येऊ. संक्रांतीला जळगाव-धुळ्याचे आकाश पतंगांनी भरते. जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. ही परंपरा १८७२ मध्ये अप्पा महाराजांनी सुरू केली. गावोगावच्या यात्रांत बारागाड्या ओढल्या जातात : एकमेकींना बांधलेल्या गाड्यांची रांग आणि पुढे ओढणारा एकटा भगत. म्हणजे पतंग आपल्याकडे आहे, चाक आहे, दोराने चाक ओढण्याची भक्तीही आहे. तरी पतंगाला गाडी जुंपण्याची कल्पना इथे रुजली नाही. असे का, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

४/
सोपे उत्तर असे दिले जाते की ‘त्यांच्याकडे विज्ञान होते, आपल्याकडे नव्हते’. हे उत्तर बाजूला ठेवू. पतंगाची ओळख भारताला फार जुनी आहे. संत नामदेवांच्या नावे गुरू ग्रंथसाहिबात असलेल्या एका पदात कागदाचा पतंग उडवणाऱ्याची प्रतिमा येते : बोलणे इतरांशी चालू, पण चित्त दोरीपाशी. मराठीत पतंगाला ‘वावडी’ हा जुना शब्द आहे. ‘वावड्या उठवणे’ आपण आजही म्हणतो. तेव्हा फरक बुद्धीचा नव्हता. तो होता जमिनीचा, आणि पतंगाकडून आपण काय मागितले याचा.

५/
आधी जमीन. ज्या ब्रिस्टॉलमध्ये पोकॉक प्रयोग करत होता, तिथल्या रस्ते-मंडळाचा सर्वेक्षक म्हणून १८१६ मध्ये जॉन मॅकअ‍ॅडम नेमला गेला होता. बारीक फोडलेल्या खडीचे, पाण्याचा निचरा होणारे, कठीण पृष्ठाचे रस्ते ही त्याची देणगी. ‘मॅकॅडम रस्ता’ हा शब्द त्याच्याच नावावरून आला. दहा वर्षांत त्याच परिसरात पतंगाची गाडी धावू लागली, याला मी निव्वळ योगायोग मानत नाही. वाऱ्याची ओढ कमी-जास्त होत राहते. चाक जड चालले, तर ती ओढ चाकाच्या घर्षणातच संपते.

६/
याहून जुना दाखला नेदरलँड्सचा आहे. १६०० च्या सुमारास सायमन स्टेव्हिन याने राजपुत्र मॉरिससाठी शिडाची गाडी बांधली. शेवेनिंगेन ते पेटेन हे किनाऱ्यावरचे अंतर तिने अठ्ठावीस माणसांना घेऊन सुमारे दोन तासांत कापले, अशी नोंद आहे. तिथेही जमीनच मदतीला आली : ओहोटीनंतर उघडी पडलेली, ओली, घट्ट वाळू. वाऱ्याच्या गाडीला प्रत्येक वेळी आधी सपाट आणि कठीण जमीन मिळावी लागली, मग वारा कामी आला.

७/
त्याच काळातील दख्खन पाहा. कंपनी सरकारने १८१८ मध्ये खान्देश घेतला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे ठाणे केले, तेव्हा पक्क्या रस्त्यांची वानवा होती आणि माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून जाई. दख्खनमध्ये ज्या गाड्या होत्या, त्यांतील पुष्कळांची चाके भरीव होती, लाकडाची किंवा चक्क दगडाची. अशी एक गाडी हलवायला अनेक बैल लागत. १८३० च्या दशकात मोजणी खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड याने सोलापूरकडे टेंभुर्णीला हलक्या, आऱ्यांच्या चाकाच्या गाड्या बनवण्याचा कारखाना काढला. इकडे चाक हलके करण्याचीच लढाई अजून चालू होती.

८/
त्यात आपली काळी कपाशीची जमीन. पावसात ती चाकाला चिकटते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आणि इथेच खान्देशचा खरा पेच आहे : वाऱ्याचा हंगाम आणि जमिनीचा हंगाम जुळत नाहीत. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरातील पवनचक्क्या सर्वांत जोरात फिरतात त्या पावसाळी वाऱ्यावर. तेव्हा काळे रान चिखलात असते. संक्रांतीला जमीन कोरडी असते, पण वारा तुलनेने मंद. पतंग हातात आणि चाक अंगणात, असे दोघे शेजारी राहिले ते यामुळेही.

९/
आता दुसरे कारण : पतंगाकडून मागितले काय? आपला संक्रांतीचा पतंग म्हणजे एक उभा कणा, एक वाकवलेली कामटी आणि पातळ कागद. क्षेत्रफळ चौरस मीटरच्या पाव भागाहूनही कमी. तो हलका असतो, कारण त्याला पेच लढवायचा असतो : ढील दिली की भिरभिरावा, खेचला की सरळ झेपावा. ओढ कमी आणि चपळाई जास्त, हाच त्याचा गुण. पोकॉकने नेमके उलटे मागितले. त्याला काटाकाटी नको होती, वजन ओढणारी स्थिर ताकद हवी होती.

१०/
ताकदीचे गणित पाठ करण्याजोगे आहे. पतंगाची ओढ त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, पण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. म्हणून पतंगगाडी चालवणारा एकच पतंग बाळगत नाही. मंद वाऱ्याला पाच-सहा चौरस मीटर किंवा त्याहून मोठा, जोराच्या वाऱ्याला दोन-तीन चौरस मीटरचा, असा संच असतो. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे मोठा पतंग निवडणे.

११/
पोकॉकचा पतंग एका मुख्य दोरावर ओढत असे आणि बाकीच्या दोऱ्यांनी त्याचा कल बदलता येई. गाडीची दिशा टी आकाराच्या दांड्याने पुढच्या चाकांना मिळे, आणि थांबण्यासाठी लोखंडी दांडा रस्त्यात रुतवला जाई. हे वाचताना जळगावचा रथ आठवतो. रथ दोराने ओढणारे हात पुढे असतात, पण त्याला वळवणारे आणि थांबवणारे हात चाकापाशी असतात. लाकडी मोगरी नेमक्या क्षणी चाकाखाली सारणाऱ्यांवर सगळी भिस्त. ओढ आणि आवर ही दोन वेगळी कामे आहेत, हे मोगरीवाल्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

१२/
शारव्होलां पुढे विरली. त्याच काळात आगगाडी आली, आणि वारा वेळापत्रक पाळत नाही. विसाव्या शतकात पतंगच बदलला, तेव्हा कल्पना पुन्हा उठली. १९४८ मध्ये फ्रान्सिस रोगॅलो यांनी काडीशिवायचा, कापडी लवचीक पंख केला. १९६० च्या दशकात डॉमिना जाल्बेर यांनी कप्प्याकप्प्यांचा पतंग बनवला : समोरून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि कापडाचाच पंख होतो. त्यात मोडायला कामटी नाही. शिवाय असा पंख आडव्या वाऱ्यातही ओढतो, त्यामुळे वारा नेईल तिकडेच जाण्याची सक्ती संपते.

१३/
१९९० मध्ये न्यूझीलंडमधील अ‍ॅशबर्टनच्या पीटर लिन यांनी तीनचाकी पतंगगाडी घडवली आणि खेळाला आजचे रूप आले. चालक जमिनीलगत बसतो, हातांनी पतंग हाकतो आणि पायांनी पुढचे चाक वळवतो. पोकॉकच्या गाडीत आणि आपल्या रथात विभागलेली कामे एका देहात आली. आणि चाक कुठून आले? माती वाहण्याच्या हातगाडीचे हवा भरलेले चाक. सहज मिळणारे, मजबूत, स्वस्त. आजही ४.८०/४.००-८ मापाचे तेच टायर या खेळात सर्रास दिसते.

१४/
चाक निवडताना जमिनीला विचारावे. घट्ट, सपाट जमिनीवर अरुंद टायर आणि भरपूर हवा, म्हणजे घर्षण कमी. भुसभुशीत वाळूत रुंद टायर आणि कमी हवा, म्हणजे चाक रुतत नाही. पण पतंग गाडीला बाजूलाही खेचत असतो. म्हणून मागची चाके एकमेकांपासून लांब हवीत, नाहीतर गाडी उलटते, आणि पुढच्या चाकाला जमिनीवर पकड हवी, नाहीतर ते घसरते. आपल्याकडे आणखी एक परीक्षक आहे : सराटे आणि बाभळीचा काटा. ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारे द्रावण घातल्याशिवाय खान्देशी माळावर गाडी काढू नये.

१५/
मग इथे जागा कोणती, वेळ कोणती? काळे रान वगळा. धुळे-साक्रीकडचा सपाट, मुरमाड माळ त्यातल्या त्यात बरा. मे महिन्यात जमीन कोरडी असते आणि पश्चिमेचा वारा वाढू लागलेला असतो. दोन हंगाम थोडे जुळतात ते तेव्हाच. पारा ४० च्या वर असल्याने दुपार टाळून संध्याकाळ धरावी. वावटळ दिसली की पतंग ताबडतोब खाली घ्यावा. मालकाची परवानगी, डोक्यावर हेल्मेट, आणि विजेच्या तारांपासून लांब अंतर. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्राच्या परिसरात उच्चदाबाच्या तारांचे जाळे आहे. तिथे कोणताच पतंग नको.

१६/
दोराविषयी स्वतंत्र बोलले पाहिजे. ओढणाऱ्या पतंगाचा दोर मजबूत आणि गुळगुळीत असतो, त्याला काच लावत नाहीत. दोन किंवा चार दोऱ्या असतात, आणि मूठ सोडताच पतंगाची ताकद गळावी अशी सोय असते. आपल्या काटाकाटीत मात्र दोराची किंमत त्याच्या धारेवर ठरत गेली. सूत गेले, नायलॉन आले. ११ जुलै २०१७ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन आणि कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. तरीही दर संक्रांतीला दुचाकीस्वारांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापले जातात.

१७/
इतिहास इथे केवळ गंमत राहत नाही. एकाच वस्तूकडून दोन समाजांनी दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या : एकाने कापण्याची धार, दुसऱ्याने ओढण्याची ताकद. धार ही पतंगाची ‘मूळ परंपरा’ आहे असे म्हणणाऱ्यांनी नामदेवांच्या नावचे ते पद आठवावे. त्यात दोरी आहे ती चित्त जोडून ठेवणारी. मागणी बदलली की वस्तू बदलते. भरीव चाकाचे आऱ्यांचे चाक झाले तेही असेच. मग मांजा बदलणे अशक्य कसे?

१८/
शेवटी एक शब्द. पतंगाच्या मधल्या काडीला आपण कणा म्हणतो, आणि बैलगाडीच्या आसालाही जुने लोक कणाच म्हणतात. तुमच्या गावात चाकाला धाव चढवलेला एखादा जुना सुतार किंवा लोहार अजून असेल, रथाला मोगरी लावणारे तर नक्कीच असतील. त्यांना विचारा : उतारावर चाक कसे आवरता, कोणत्या जमिनीला कोणते चाक लागे, धाव किती जाड असे? ही माहिती बहुतेक लिहिलेली नाही. उत्तरे मिळाली तर गावाच्या नावासह खाली लिहा. पुढचा धागा त्यांतूनच विणू.