प्याद्याचे एक घर

कोपर येथील आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरी सुट्टीच्या दिवशी मुले बुद्धिबळाचा पट मांडून बसलेली दिसली की, आम्हांस आमच्या आजोबांचे स्मरण होते. ते देशी पद्धतीने खेळत. तीत प्यादे पहिल्या चालीसही एकच घर पुढे जाते. विलायती पद्धतीत ते दोन घरे जाऊ शकते. शाळेतून विलायती नियम शिकून आलेल्या आम्ही त्यांच्या खेळास ‘जुनाट’ म्हटले. त्यांनी पट मिटला, तो आमच्यासमोर पुन्हा कधी मांडला नाही.

आमची चूक पुढे एका डावाने आम्हांस दाखविली. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत पंजाबचे सुलतान खान यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांचा ६५ चालींत पराभव केला. सुलतान खान देशी खेळावर वाढलेले. विलायती नियम त्यांनी मागाहून आत्मसात केले. नवल असे की, काळी मोहरी घेतलेल्या कापाब्लांकांनी जो प्रारंभ योजिला, त्याचे नावच ‘भारतीय बचाव’! वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे एकच घर सारावयाचे व त्यामागे उंट बसवून पटाच्या मध्यावर दुरून नजर ठेवावयाची, ही त्याची रीत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे कॉक्रेन नामक बॅरिस्टरांशी खेळत. प्यादे एकेक घर सारण्याची देशी सवय त्यांच्या विलायती डावांतही उतरली. ते डाव इंग्लंडात छापले गेले. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील धुरंधरांनी अशीच मांडणी शास्त्र म्हणून स्वीकारली. आम्ही ज्यास जुनाट म्हटले, त्याचाच जगाने अभ्यास केला!

महाराष्ट्रही या विद्येत मागे नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ १८१४ साली मुंबईत इंग्रजीत प्रसिद्ध झाला. १९५५ साली एलुरू येथील पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख हिने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला.

आजोबांची क्षमा मागणे आता आमच्या हाती उरले नाही. म्हणून बंधुभगिनींस विनंती एवढीच: मुलांबरोबर मुलींनाही पटावर बसवा, आणि घरातील वडीलधाऱ्यांस देशी डाव येत असेल, तर त्याचे नियम त्यांच्या तोंडून आजच लिहून घ्या.