नाव एक, नोंद दुसरी

1905 साली आयर्लंडच्या डॉनेगल काउंटीतल्या एका माणसाला दंड झाला. कायद्याने मालाच्या गाडीवर मालकाचं नाव वाचता येईल असं लिहिलेलं असायला हवं होतं. नाव होतंच, पण ते होतं आयरिश भाषेत आणि आयरिश वळणाच्या अक्षरांत : नियाल मॅक गिला व्रीजा. अधिकाऱ्यांच्या लेखी असं नाव म्हणजे नाव नसल्यातच जमा. प्रकरण डब्लिनच्या वरच्या न्यायालयात गेलं, तेव्हा नियालच्या बाजूने एक तरुण बॅरिस्टर उभा राहिला, पॅट्रिक पिअर्स. खटला तो हरला. पुढे इंग्रजी सत्तेविरुद्धच्या 1916च्या ईस्टर उठावाचं नेतृत्व केल्याबद्दल इंग्रजांनी त्याला गोळ्या घातल्या.

आयरिश नावांच्या अर्थांची पुस्तकं ढिगाने मिळतात. नीव म्हणजे तेज, रोनान म्हणजे लहानसा सील, कीरान म्हणजे काळासावळा, सोराखा म्हणजे उजळ. हे अर्थ खरेच आहेत आणि सुंदरही आहेत. तरी नुसत्या अर्थाने या नावांची ओळख पुरी होत नाही. आयर्लंडमध्ये प्रश्न कायम हा राहिला, की नाव घरात हाक मारताना काय आहे आणि वहीत ते कोण लिहितंय.

या देशातली सर्वांत जुनी लिखित नावं दगडांवर आहेत. साधारण चौथ्या ते सातव्या शतकातले हे ओघम शिलालेख केरी, कॉर्क, वॉटरफर्ड या दक्षिणेकडच्या भागांत जास्त सापडतात. दगडाची उभी कड हीच ओळ. तिच्या डाव्या-उजव्या बाजूंना आणि कडेवर आडव्या-तिरप्या रेघा आणि खाचा मारलेल्या. किती रेघा आणि कोणत्या बाजूला, यावरून अक्षर ठरतं. वाचायचं सहसा खालून वर. मजकूर बहुधा एवढाच, की हा दगड अमक्याचा, तो तमक्याचा मुलगा. मृत माणसाचं कर्तृत्व नाही, वय नाही, फक्त नाव आणि बापाचं नाव. त्यातली कितीतरी नावं 'कुना' या शब्दाने सुरू होतात. त्याचा अर्थ शिकारी कुत्रा.

कुत्र्याचं नाव माणसाला देणं हा तिथे गौरव होता. आयरिश पुराणकथांचा सर्वांत मोठा वीर कु खुलेन याचं जन्मनाव सेटांटा. लहानपणी त्याच्या हातून कुलान नावाच्या लोहाराचा राखणीचा कुत्रा मारला गेला. भरपाई म्हणून त्याने स्वतःच कुलानच्या दाराची राखण पत्करली आणि 'कुलानचा कुत्रा' हेच नाव आयुष्यभर मिरवलं. आज जगभर ऐकू येणारं कॉनर हे नाव याच कुळातलं. त्याचं जुनं रूप कॉनखोवर, म्हणजे शिकारी कुत्र्यांवर माया करणारा.

ख्रिस्ती धर्म आला तेव्हा नावांत एक वेगळाच संकोच शिरला. संत पॅट्रिक, संत ब्रिजिड आणि येशूची आई मेरी यांची नावं इतकी पवित्र, की ती थेट मुलांना ठेवायला लोक धजत नसत. मग त्यांच्यापुढे 'गिला' म्हणजे सेवक, किंवा 'मोल' म्हणजे मुंडन केलेला भक्त, असा शब्द लागू लागला. आपल्याकडे रामदास आणि हरिदास घडले तसेच तिथे गिला फॉड्रिग आणि मोल वुरा घडले. डॉनेगलच्या त्या गाडीवरच्या आडनावाचा अर्थही हाच, ब्रिजिडच्या सेवकाचा मुलगा. मेरीच्या बाबतीत तर हा आदर भाषेत कायमचा मुरला. येशूच्या आईसाठी 'मुरा' हे रूप राखून ठेवलं गेलं, आणि हाडामांसाच्या मुलींना नाव मिळालं 'मॉरा'. एकाच नावाची दोन रूपं करून पवित्राची जागा वेगळी ठेवण्याची ही रीत मनाला फार भिडते.

1169मध्ये नॉर्मन सरदार समुद्र ओलांडून आले. त्यांच्या फ्रेंच बोलीतला 'जेहान' आयरिश तोंडात शॉन झाला. त्याचं स्त्रीरूप शिव्हॉन झालं, लाडकं रूप शिनेड झालं, कातलीनचं कॅटलिन झालं. विल्यमचा आधी उलियम झाला आणि त्यातून लियम निघाला. आज 'अस्सल आयरिश' म्हणून जी नावं सर्वांत आधी आठवतात, ती अशी जिंकायला आलेल्यांबरोबर आली. आयरिश भाषेने त्यांना इतकं आपलंसं केलं, की त्यांचं परकेपण कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. उलटाही प्रवास झाला. नॉर्मन वंशज इतके आयरिश होत गेले, की 1366मध्ये किल्केनीच्या कायद्यांनी इंग्रज वसाहतवाल्यांना बजावलं : इंग्रजी नाव लावा, आयरिश पद्धतीची नावं सोडा. तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिला होता.

खरी मोडतोड झाली ती नंतरच्या शतकांत, आणि ती लेखणीने झाली. इंग्रजी सत्ता घट्ट झाल्यावर आयरिश नावाला इंग्रजी वहीत जागा हवी होती. कारकून आणि पाद्री जवळपासच्या आवाजाचं एखादं नाव शोधत. अर्थाचा संबंध असेलच असं नाही. डिअर्मिडचा जेरेमाया झाला. टाइगचा टिमथी झाला, कधी थॅडियस. डोनखाचा डेनिस, काहलचा चार्ल्स, कॉनखोवरचा कॉर्नेलियस, टरलाखचा टेरेन्स. ऊना विनिफ्रेड झाली, सोराखा सारा झाली. 1593मध्ये एलिझाबेथ राणीसमोर जाऊन उभी राहिलेली पश्चिम किनाऱ्यावरची दर्यावर्दी सरदारीण ग्रॉन्या नी वॉल्या इंग्रजी इतिहासात ग्रेस ओमॅली म्हणून उरली.

कॅथलिक चर्चची बाप्तिस्म्याची वही पुष्कळदा लॅटिनमध्ये असे. त्यामुळे एकाच मुलाला आई डिअर्मिड म्हणून हाक मारी, पाद्री जेरेमियास लिही आणि शाळेच्या हजेरीत तो जेरेमाया होई. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, ही रीत घरोघरी पाळली जाई. म्हणून आजोबाचं वहीतलं नाव नातवाला मिळत राहिलं, आणि कॉर्क-केरीकडे जेरेमाया आणि कॉर्नेलियस पिढ्यान्‌पिढ्या टिकले. बायबलवरच्या विशेष श्रद्धेशी त्याचा संबंध नव्हता. घरातला डिअर्मिड आणि कॉनखोवर त्या नावांखाली जिवंत होते. 1831पासून सरकारी राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या, 1864पासून सर्वांच्या जन्माची नोंद सक्तीची झाली. मग वहीतलं नाव हेच खरं नाव ठरू लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या मोठ्या दुष्काळानंतर लाखो लोक अमेरिकेला गेले. तिथल्या घरांत चूल-पोतेरं करणाऱ्या आयरिश मुलींना सरसकट 'बिडी' म्हणत. ते ब्रिजिडचं लघुरूप. ज्या नावापुढे एकेकाळी 'सेवक' हा शब्द जोडूनच माणसं ते उच्चारत, त्या नावाचा मोलकरणीसाठी असा शब्द व्हावा, याचं दुःख वाटतं.

1893मध्ये आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीगची स्थापना झाली आणि माणसं आपली नावं परत मागू लागली. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला आणि पुढे आयर्लंडचा नेता झालेला एडवर्ड डी व्हॅलेरा एमन झाला. डब्लिनचा जॉन केसी आयरिश शिकला, शॉन झाला, आणि शॉन ओकेसी या नावाने नाटककार म्हणून जगाला ठाऊक झाला. त्याने अभिमानाने निवडलेलं शॉनही मुळात नॉर्मनांचंच. पण सातशे वर्षं आयरिश ओठांवर राहिलेलं नाव आयरिश नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. स्वातंत्र्यानंतर काही अगदी नवी नावंही घडली. सीर्शा म्हणजे स्वातंत्र्य. जुन्या वंशावळींत ते शोधून सापडणार नाही. ॲशलिंग म्हणजे स्वप्नदर्शन. अठराव्या शतकात या नावाचा एक काव्यप्रकार होता. त्यात आयर्लंड देश स्त्रीरूपात कवीच्या स्वप्नात येई. तो काव्यप्रकार पुढे मुलींचं नाव झाला.

देशाबाहेर या नावांनी वेगळेच संसार थाटले. फियोना हे नाव मध्ययुगीन आयर्लंडात नव्हतंच. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या जेम्स मॅकफर्सनने 'ओशन' या प्राचीन कवीच्या नावावर जी काव्यं छापली, त्यांतून ते आलं. त्याच काव्यांतला ऑस्कर नेपोलियनला फार आवडला. त्याच्या सुचवण्यावरून सेनापती बर्नादोतच्या मुलाला ते नाव मिळालं, आणि तो मुलगा पुढे स्वीडनचा राजा पहिला ऑस्कर झाला. ग्लेन्डालॉखच्या डोंगरदरीत राहणाऱ्या संत केव्हिनचं नाव 1990च्या सुमारास फ्रान्समध्ये सर्वाधिक ठेवलं जाणारं मुलाचं नाव होतं. लियम 2017पासून काही वर्षं सलग अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिला. याउलट कोलीन आणि एरिन ही परदेशस्थ आयरिशांची लाडकी नावं. कोलीन म्हणजे नुसती 'मुलगी', एरिन म्हणजे आयर्लंडच. मूळ देशात कोलीन हे नाव क्वचितच कुणी ठेवतं.

घरच्या नोंदवहीशी भांडण मात्र अजून पुरतं मिटलेलं नाही. आयरिश लेखनात स्वर लांबवण्यासाठी अक्षरावर तिरकी रेघ देतात, तिला 'फाडा' म्हणतात. शॉन लिहिताना ती रेघ गळली, तर उरलेल्या शब्दाचा अर्थ होतो 'म्हातारा'. कित्येक संगणक प्रणाली ही रेघ नोंदवूच देत नाहीत, आणि आयरिश नागरिक तिच्यासाठी अर्ज-तक्रारी करत राहतात. दरम्यान 2021मध्ये आयर्लंडच्या सरकारी यादीत मुलींसाठी सर्वाधिक ठेवलं गेलेलं नाव होतं फीया. त्याचा अर्थ रानातलं, मोकळं. त्या यादीत ते आयरिश स्पेलिंगमध्येच नोंदलेलं आहे.