पेल्झर, डेव्ह

पेल्झर, डेव्ह : (२९ डिसेंबर १९६०– ). अमेरिकन आत्मकथनकार व वक्ते. जन्म कॅलिफोर्निया राज्यातील सॅन फ्रॅन्सिस्को येथे. बालपण लगतच्या डेली सिटीत. वडील अग्निशमन दलात होते. दारूच्या आहारी गेलेल्या आईने केलेल्या छळाची हकिकत त्यांनी अ चाइल्ड कॉल्ड ‘इट’ (१९९५) या पुस्तकात सांगितली. दिवसदिवस उपाशी ठेवणे, तळघरात झोपायला लावणे, पेटत्या शेगडीवर हात धरणे, विषारी वायू साचलेल्या न्हाणीघरात कोंडणे असे प्रसंग त्यात येतात. हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहणारे वडील मध्ये पडत नाहीत. नंतर सांभाळ करणाऱ्या पालक-कुटुंबांतील वर्षांवर द लॉस्ट बॉय (१९९७), तर प्रौढपणावर अ मॅन नेम्ड डेव्ह (१९९९) हे पुस्तक आहे. पेल्झर १९७९ मध्ये अमेरिकी हवाई दलात दाखल झाले. पहिले पुस्तक अनेक वर्षे खपाच्या याद्यांत राहिले आणि छळाच्या आत्मकथनांची लाटच इंग्रजी प्रकाशनव्यवसायात आली.

पेल्झर यांची ख्याती मनोबलाचे प्रवक्ते म्हणून आहे. त्यांची व्याख्याने आणि हेल्प युवरसेल्फ (२०००) हे पुस्तक माणसाने स्वतःच्या जिद्दीवर उभे राहावे, हेच सांगतात. त्यांच्या आत्मकथनातला पुरावा मात्र वेगळा निष्कर्ष सुचवतो. पहिल्या पुस्तकाची सुरुवात छळापासून नव्हे, तर सुटकेपासून होते. ५ मार्च १९७३ रोजी डेव्हच्या अंगावरच्या खुणा पाहून शाळेतील परिचारिका, शिक्षक व मुख्याध्यापक पोलिसांना बोलावतात. पुस्तक या शाळेतल्या माणसांनाही अर्पण केले आहे. त्यांच्या या धाडसामागे काळाचे पाठबळ होते. बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली मारहाण झालेल्या बालकांच्या जखमांचे वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतील सर्व राज्यांनी अशा घटना कळवण्याविषयी कायदे केले आणि १९७४ मध्ये केंद्रीय कायदाही झाला. आईबापांच्या शिस्तीत परक्याने पडू नये, हा समज ढासळत असताना ही सुटका घडली. जिद्दीने मुलाला त्या दिवसापर्यंत जिवंत ठेवले असेल, पण घराबाहेर काढले ते इतरांनी.

या निष्कर्षावर पहिला आक्षेप सत्यतेचा आहे. एका भावाने असा छळ झाल्याचे नाकारले, तर न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीत २००२ साली पॅट जॉर्डन यांनी लिहिलेल्या लेखात पेल्झर यांच्या कथनावर व पुस्तकविक्रीच्या पद्धतीवर शंका घेतल्या गेल्या. उलट रिचर्ड पेल्झर या दुसऱ्या भावाने अ ब्रदर्स जर्नी (२००५) मध्ये डेव्हच्या छळाला दुजोरा दिला. त्यात आपणही सामील होतो आणि डेव्ह गेल्यावर आईचा रोख आपल्याकडे वळला, असे त्याने लिहिले. बालवयातल्या आठवणीतून वीस वर्षांनी उभे केलेले संवाद शब्दशः खरे मानता येत नाहीत. परंतु तपशिलांवरील शंका म्हणजे संपूर्ण घटनेचे खंडन नव्हे. आणि एकाच घरातल्या मुलांच्या वाट्याला वेगवेगळी आई येऊ शकते. दुसरा आक्षेप असा, की शाळेला श्रेय दिल्याने पीडिताचे कर्तृत्व उणावते. वास्तविक रिचर्डची साक्षच याचे उत्तर देते. एक मूल बाहेर पडले तरी त्याच घरात दुसरे सापडत असेल, तर जिद्दीचा उपदेश अपुरा ठरतो. जो सुटला नाही त्याची इच्छाशक्ती कमी पडली, असा क्रूर अर्थही त्यातून निघू शकतो. म्हणून या आत्मकथनांचे टिकाऊ मोल प्रेरणेपेक्षा त्यांनी नोंदवलेल्या हस्तक्षेपात, आणि तो होण्यास लागलेल्या उशिरात आहे.