मांजरी

मांजरी : पुणे शहराच्या पूर्व कडेचे गाव. मुळा-मुठेच्या दक्षिण काठावर मांजरी बुद्रुक, उत्तर काठावर मांजरी खुर्द. हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याने निघाले की डाव्या हाताला मांजरी बुद्रुक लागते. पुणे–दौंड लोहमार्गावर त्याच नावाचे स्थानक आहे. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत जी २३ गावे आली, त्यांत मांजरी बुद्रुकही होते. मांजरीचे नाव द्राक्षाशीही जोडलेले आहे. वाइन म्हटले की मराठी माणसाच्या तोंडी नाशिकचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. बहुतेक बाटल्या तिकडेच भरतात. पण ज्या वेलीपासून ती बाटली सुरू होते, तिचा अभ्यास मांजरीत होतो.

गावाचे दैव पाण्याने बदलले. खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पुरे झाले आणि मुठा उजव्या कालव्याने हडपसरच्या पलीकडची जमीन भिजू लागली. ब्रिटिश अमदानीत इथल्या सरकारी शेतीवर उसाचे प्रयोग झाले. ‘मांजरी फार्म’ हे नाव टपालाच्या पत्त्यात अजून टिकून आहे. उसाची ही परंपरा १९७५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे वसंतदादा पाटलांचे नाव मिळालेल्या साखर संस्थेने चालू ठेवली. मळीपासून मद्यार्क काढण्याचे शास्त्र शिकवणाऱ्या याच संस्थेत वाइनच्या तंत्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे.

भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र जानेवारी १९९७ मध्ये इथे सुरू झाले. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाचे कार्यालयही मांजरीत असल्याने शास्त्रज्ञ आणि बागायतदार इथे हाकेच्या अंतरावर आहेत.

महाराष्ट्रातली द्राक्षवेल इतर जगातल्या वेलीसारखी वागत नाही, म्हणून या केंद्राची गरज. जॉर्जियात वाइनचे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत आणि तिथे आजही जमिनीत पुरलेल्या मोठ्या मातीच्या रांजणांत ती आंबवतात. तिथली वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपते आणि वसंतात जागी होते. पुण्याच्या हवेत तिला ही झोप मिळतच नाही. मग माणूस कात्री घेऊन तिचे वर्ष ठरवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची, म्हणजे उन्हाळ्यात नव्या काड्या फुटतात, पक्व होतात आणि त्यांच्या डोळ्यांत घड तयार होतात. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळछाटणी. वर्षात छाटण्या दोन, पीक मात्र एकच. वाइनची द्राक्षे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात, म्हणजे युरोपातल्या वेली अजून उघड्या काड्यांनी उभ्या असतात तेव्हा. फळछाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला तर कोवळ्या फुटीवर केवडा हा रोग येतो आणि काही दिवसांत घड वाया जातात. हवा कोरडी झाली की भुरी हा दुसरा रोग. बागायतदाराच्या झोपेचा हिशेब याच दोन नावांत आहे.

कलमाखालच्या खुंटाची गोष्टही वेगळी. युरोपात एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीने बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा अमेरिकी वेलींच्या मुळांवर कलमे बांधण्याची रीत पडली. महाराष्ट्रात खुंट आले ते क्षारांसाठी आणि पाण्याच्या टंचाईसाठी. खाण्याच्या द्राक्षांना डॉगरिज आणि वाइनच्या द्राक्षांना बहुधा ११०-आर. दुष्काळी तालुक्यांत बागा टिकल्या त्यात या मुळांचा वाटा फार मोठा आहे. फळाचे कौतुक करताना मुळाचे नाव कोणी घेत नाही, म्हणून ते या नोंदीत घेतले आहे.

केंद्राच्या प्रयोगशाळेत निर्यातीच्या द्राक्षांतील कीडनाशकांच्या अंशांवर देखरेख चालते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्याने युरोपने भारतीय द्राक्षे अडवली, तेव्हा या कामाचे मोल साऱ्या बागायतदारांना कळले. केंद्राने जातीही दिल्या : खाण्यासाठी मांजरी नवीन, बेदाण्यासाठी मांजरी किशमिश, रसासाठी मांजरी मेडिका. मेडिकाची एक बाजू पुसा नवरंगची, दुसरी फ्लेम सीडलेसची. नवरंगकडून तिला गरातला लाल रंग मिळाला. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग फक्त सालीत असतो.

पुण्याचे द्राक्षकाम मांजरीपुरते नाही. गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी पंढरी साहेबीच्या रोपांतून निवडलेली चीमा साहेबी एके काळी दूरवर लागली. आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी कॅटॉबा आणि ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ ही जात काढली. ती बुरशीला बऱ्यापैकी तोंड देते आणि तिचा रस व वाइन दोन्ही करता येतात.

असे असूनही महाराष्ट्राची वाइन आजही मुख्यतः शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, शेनिन ब्लांक या परदेशी जातींवर उभी आहे. कारण सरळ आहे. राज्यातली बहुतेक द्राक्षे खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी पिकतात, आणि ग्राहकाला मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा मणी हवा असतो. वाइनला याच्या उलट लागते : लहान मणी, जाड साल, साखर जास्त आणि तरी आंबटपणा शाबूत. आपल्या उन्हात साखर चढते तशी आम्लता झपाट्याने उतरते, म्हणून तोडणी पहाटेच्या गारव्यात उरकून रस थंड टाक्यांत ठेवावा लागतो. या हवेसाठीच घडवलेली वाइनची जात घराघरांत माहीत होणे अजून बाकी आहे, आणि ती मांजरीतून यावी असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

पुणे जिल्ह्यात वाइन प्रत्यक्ष तयारही होते. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइन काढली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशांत विकली. नाशिकची सुला वायनरी १९९९ मध्ये सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढे चौगुल्यांची कंपनी कर्जात बुडाली, पण नारायणगावचे नाव राहिले. दौंड तालुक्यातल्या रोटी इथेही मोठी वायनरी उभी राहिली.

नारायणगाव जुन्नर तालुक्यात येते, हा योगायोग मनात रेंगाळतो. नाणेघाटातून चढणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग जुन्नरला पोचत असे, आणि तिथल्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. भरूच बंदरात इटलीची वाइन उतरत असल्याचे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंदले आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी १९५० च्या दशकात नेवासे खणले, तेव्हा अशा मालाच्या अँफोरा घाटाच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. देशी परंपराही कमी जुनी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे, आणि कापिशीच्या, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या बेग्रामच्या परिसरातल्या, मधूचा उल्लेख पाणिनीच्या सूत्रांवरील टीकेतही येतो. आयुर्वेदातले द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट ही याच परंपरेची जिवंत फांदी. धायटीच्या फुलांनी आंबवलेली ही औषधे पुण्याच्या घरांत जेवणानंतर चमचाभर घेतली जातात, आणि त्यांत मद्यार्क आपोआप तयार झालेला असतो.

पुन्हा आजच्या वाइनकडे येऊ. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणून वायनरींना सवलती दिल्या. केंद्र सरकारचे भारतीय द्राक्षप्रक्रिया मंडळ २००९ मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्याचे मुख्यालय पुण्यात होते. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटांत वाइनविक्रीला मान्यता दिली. त्यावर तीव्र विरोध झाला आणि निर्णय अमलात आला नाही.

मांजरीच्या चहूबाजूंनी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि जुने मळे मागे सरत आहेत. केंद्राच्या आवारात मात्र देशविदेशांतल्या चारशेहून अधिक वाणांचा संग्रह रांगेने लावला आहे. साहेबीसारखे जे वाण बाजारातून केव्हाच गेले, त्यांच्या काड्यांनाही तिथे दरवर्षी एप्रिलमध्ये कात्री लागते आणि ऑक्टोबरात पुन्हा एकदा.