उल्हास आणि पाताळगंगा : दोन नद्यांचे दुसरे उगम

कर्जत व खालापूर हे तालुके परस्परांस लागून असले, तरी त्यांतील पाणी एका दिशेस वाहत नाही. राजमाचीच्या डोंगरांतून उतरणारी उल्हास कर्जतवरून उत्तरेस वळते आणि पेज, पोशीर, बारवी, काळू, भातसा यांचे पाणी घेत कल्याणजवळून वसईच्या खाडीस मिळते. पाताळगंगा मात्र खोपोली-खालापुरावरून पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे जाते. राजमाचीच्या पायथ्याची कोंडाणे लेणी आणि कल्याणचे प्राचीन बंदर एकाच उल्हासच्या खोऱ्यात आहेत, ही गोष्ट या नद्यांचे जुने महत्त्व सांगण्यास पुरेशी आहे.

सह्याद्रीचा माथा हा येथील नैसर्गिक जलविभाजक होय. त्याच्या पूर्वेस पडणारा पाऊस इंद्रायणी, भीमा व कृष्णा या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळावयाचा. ही वाटणी विसाव्या शतकात बदलली. १९१५ साली टाटांचे खोपोली वीजगृह सुरू झाले आणि लोणावळा-वळवणच्या तलावांतील पाणी नळांवाटे घाटाखाली येऊन पाताळगंगेत पडू लागले. १९२२ साली भिवपुरी येथे हीच योजना पुन्हा झाली. ठोकरवाडी धरणात अडविलेले आंध्रा नदीचे पाणी पेजमार्गे उल्हासला मिळाले. योजनेचा हेतू मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्याचा होता; नद्यांचा विचार त्यात गौण होता.

परिणाम मात्र नद्यांवरच अधिक खोल झाला. कोकणातील बहुतेक प्रवाह उन्हाळ्यात आटतात. या दोन नद्या वाहत राहिल्या. उन्हाळी भातशेती, गावांचे पिण्याचे पाणी, पुढे रसायनीचे कारखाने, हे सारे त्या पाण्यावर उभे राहिले. पाताळगंगा हे नाव पाताळाचे. पण तिचे उन्हाळ्यातील पाणी घाटमाथ्यावरचे आहे.

दक्षिण आफ्रिकेत १९९८ पासून लेसोथोच्या डोंगरांतील पाणी बोगद्यांवाटे वाल नदीकडे नेले जाते. परंतु वाल ही ऑरेंज नदीचीच उपनदी असल्यामुळे तेथे पाण्याचे मूळ खोरे बदलत नाही. येथे समुद्रच बदलला. म्हणूनच कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात या पश्चिमवाहिनी पाण्यास मर्यादा घातली. अवर्षणाच्या वर्षी भीमेच्या खोऱ्यातून या पाण्यावर हक्क सांगितला जातो. घाटाखालच्या शेतकऱ्यास तेच पाणी आपल्या नदीचे वाटते. दोघांचेही म्हणणे निराधार नाही.

तात्पर्य, या नद्यांचा इतिहास लिहिताना डोंगरातील उगमाबरोबरच १९१५ व १९२२ ही वर्षेही उगम म्हणूनच नोंदविली पाहिजेत.