मद्रासचा तिपेडी पीळ

अड्यारहून गिंडीकडे जाणारा सरदार पटेल रस्ता आम्ही कचेरीच्या कामानिमित्त कित्येकदा तुडविला आहे. ह्या रस्त्यावर केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचे विस्तीर्ण आवार असून त्यातील सभागृहाचे नाव 'ट्रिपल हेलिक्स' असे आहे. सभागृहास पुढाऱ्याचे अथवा देणगीदाराचे नाव द्यावे, ही आपल्याकडील रीत; भूमितीतील आकृतीचे नाव वाचून आम्ही प्रथम बुचकळ्यात पडलो. चौकशीअंती कळले ते असे की, ही आकृती म्हणजे तीन पेडांचा पीळ असून, जगास तो प्रथम शेजारच्याच आवारातून, मद्रास विद्यापीठाच्या गिंडी येथील पदार्थविज्ञान विभागातून, दाखविला गेला.

पीळ कशाचा, हे आधी सांगितले पाहिजे. सुतार लाकूड जोडण्यास जो सरस वापरीत, तो जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला असे. ज्या द्रव्यापासून तो निघतो त्यास शास्त्रज्ञांनी कोलॅजेन, म्हणजे ग्रीक भाषेत सरस निपजविणारे, असे नाव दिले. आपल्या देहातील प्रथिनांचा सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा ह्या एकट्या द्रव्याचा असतो. कातडी, स्नायुबंध, कूर्चा, हाडे ही सारी त्याच्या आधारावर उभी आहेत. दातावरचे चकचकीत कवच त्याचे नव्हे. पण त्या कवचाखालील दंतद्रव्यात वजनाने सुमारे ७० टक्के क्षार आणि २० टक्के सेंद्रिय भाग असतो, आणि ह्या सेंद्रिय भागापैकी सुमारे नऊ दशांश कोलॅजेन असते. शिवाय दात जबड्याच्या खोबणीत धरून ठेवणारे तंतूही त्याचेच. लिंबू-संत्रे न मिळाल्यामुळे जुन्या काळी खलाशांचे दात हलू लागत, त्याचे कारण हेच: क जीवनसत्त्वावाचून कोलॅजेनच्या साखळीतील प्रोलीन ह्या घटकाचे हायड्रॉक्सिप्रोलीनमध्ये नीट रूपांतर होत नाही, आणि त्यावाचून पीळ देहाच्या उष्णतेत टिकत नाही.

१९५२ साली विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार ह्यांनी नव्या पदार्थविज्ञान विभागाच्या प्रमुखपदासाठी सर चंद्रशेखर रामन् ह्यांस विचारले. रामन् स्वतः आले नाहीत. त्यांनी आपल्या शिष्याचे नाव सुचविले. अशा रीतीने एर्नाकुलमचे गोपालसमुद्रम् नारायण रामचंद्रन हे ऐन तिशीत मद्रासेस आले. त्याच सुमारास इंग्लंडचे स्फटिकशास्त्रज्ञ बर्नाल मद्रासेस आले असता, कोलॅजेनच्या रचनेचा उलगडा अद्याप समाधानकारक झालेला नाही, असे त्यांनी बोलून दाखविले. रामचंद्रन व त्यांचे तरुण सहकारी गोपीनाथ कार्था ह्यांनी हे काम अंगावर घेतले. क्ष-किरणांची छायाचित्रे स्वच्छ उमटावीत तर तंतू सरळ व एका दिशेने मांडलेले हवेत. तसे तंतू कांगारूच्या शेपटीत मिळतात. ते ऑस्ट्रेलियाहून मागविण्यात आले. कांगारूच्या शेपटीची मागणी आमच्यासारख्या कारकुनाच्या मेजावर आली असती, तर तिजवर कोणता शेरा मारावा हे आम्हांस सुचले नसते!

तीन साखळ्यांची कल्पना अगदी नवी नव्हती. पॉलिंग व कोरी ह्यांनी १९५१ मध्ये ती मांडली होती, पण त्यांची जुळणी टिकण्यासारखी नव्हती. मद्रासच्या जोडीचे मर्म ग्लायसीनमध्ये होते. कोलॅजेनच्या घटकांपैकी एक तृतीयांश ग्लायसीन असते आणि सर्व घटकांत ते आकाराने लहान. तेव्हा साखळीतील दर तिसरा मणी ग्लायसीनचा असला पाहिजे, आणि तीन पेड जेथे एकमेकांस भिडतात त्या मध्यावर दुसरा कोणताही मणी मावत नसल्याने, तो आतच राहिला पाहिजे, हे त्यांनी ताडले. ऑगस्ट १९५४ मध्ये हा लेख 'नेचर' पत्रात आला. मात्र त्यात तिन्ही पेड शेजारी शेजारी सरळ उभे होते. छायाचित्रे तर सांगत होती की, एका वेढ्यात नेमके ३ नव्हे, सुमारे ३⅓ मणी बसतात. असे असेल तर दर तिसरा मणी थोडा थोडा मागे सरकत जाऊन बाहेर येईल. ह्यावरचा उपाय वेणी घालणाऱ्या आपल्या आयाबहिणींस सांगावा लागला नसता: स्वतःभोवती वळलेले तिन्ही पेड पुन्हा एकमेकांभोवती वळवावयाचे. चंद्र पृथ्वीकडे आपली एकच बाजू ठेवून फिरतो, तसे मग ग्लायसीन सदैव आत राहते. ही सुधारलेली रचना सप्टेंबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली.

वाद येथून सुरू झाला. दोनच महिन्यांनी केंब्रिजहून रिच व क्रिक ह्यांनी आपली रचना छापली. हे क्रिक म्हणजे डीएनएच्या दुपेडी पिळाचेच. मद्रासची मूळ कल्पना बरोबर, परंतु तपशील चूक, असा त्यांचा अभिप्राय होता. रामचंद्रन दर तीन मण्यांमागे दोन हायड्रोजन बंध धरीत. त्यासाठी काही अणू फारच जवळ आणावे लागत, असा आक्षेप होता. पुढे पाश्चात्य पुस्तकांतून पिळाशी नावे जोडली गेली ती बहुधा केंब्रिजची. कचेरीत टिपण एकाचे आणि सही दुसऱ्याची हा प्रकार आमच्या नित्य परिचयाचा असल्याने आमचा पक्षपात उघड आहे. तरीही न्यायाने बोलावयाचे तर आक्षेपात तथ्य होते. १९९४ साली कोलॅजेनसारख्या एका लहान रेणूचा स्फटिक बारकाईने तपासला गेला, तेव्हा दर तीन मण्यांमागे थेट बंध एकच आढळला. बाकीची सांधणी पाण्याच्या रेणूंनी केलेली होती. पाण्याच्या ह्या सांधणीचा विचार स्वतः रामचंद्रन ह्यांनीही पुढील काळात मांडला होता.

परंतु आक्षेप ऐकून ते रुसून बसले नाहीत, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. अणू किती जवळ येऊ शकतात, हा प्रश्न त्यांनी मुळापासून धसास लावला. ज्ञात स्फटिकांतील अंतरे गोळा करून, रामकृष्णन व शशिशेखरन ह्या सहकाऱ्यांसह त्यांनी प्रथिनाच्या साखळीस कोणत्या कोनांत वळणे शक्य आहे, ह्याचा नकाशाच काढला. १९६३ साली प्रसिद्ध झालेला हा 'रामचंद्रन नकाशा' आज प्रथिनांची रचना ठरविणारा जगातील प्रत्येक अभ्यासक आपले काम पडताळण्यास वापरतो. त्याच पद्धतीने मद्रासेस पिष्टातील अमायलोजसारख्या शर्करांच्या साखळ्याही तपासल्या गेल्या. शर्करा आणि कोलॅजेन ह्यांचे नाते तसे देहातच आहे: कोलॅजेनच्या साखळीतील काही घटकांवर गॅलॅक्टोज व ग्लुकोज चिकटलेले असतात, आणि तंतूंमधील पोकळी भरणारे बुळबुळीत द्रव्यही बव्हंशी शर्करांच्याच लांब साखळ्यांचे असते.

राहता राहिले कार्था. नकाशास नाव मिळाले रामचंद्रन ह्यांचे, सभागृहास मिळाले आकृतीचे. कार्था अमेरिकेस गेले आणि १९६७ मध्ये बेलो व हार्कर ह्यांच्यासमवेत त्यांनी रायबोन्यूक्लिएज ह्या प्रथिनाची रचना उलगडली. १९८४ साली ते वारले. दहा वर्षांनी झालेला पिळाचा निवाडा त्यांनी पाहिला नाही. रामचंद्रन १९७० नंतर बंगलोरास गेले, आणि ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईतच त्यांचा अंत झाला.